दोन ‘५.३’ मागे ठेवून गेलेल्या मानोजीला

मानोजी, मरायचंच होतं तर निदान नवा टॅग लावून मरायचंस.

तुझ्या फोटोला हार घातला जात होता, तेव्हा मी मनातल्या मनात तुला ज्या शिव्या घातल्या, त्या बार्शीच्या बाजारात बैल दावं तोडून पळाला तरी कुणी घालत नाही. समोर सुमित्रावहिनी बसल्या होत्या म्हणून दात आवळून गप्प राहिलो. लोकांना वाटलं, दुःखानं याची वाचा बसली. कुणीतरी पाठीवरून हात फिरवत म्हणालं, "समाधान माडकोळ्ळी, सर." म्हणजे धीर धरा. समाधान! माझं समाधान तू कृष्णराजनगरच्या गिरण्यांमध्ये वाटून आलास, आणि कुठं काय दिलंस ते कुणाला न सांगता निघून गेलास.

आता मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर लिहायला सांगितलंय मला. "चांगलं लिहा हं," असं बजावूनसुद्धा झालंय. चांगलं लिहायला बाकीचे आहेत की. तू किती मनमिळाऊ होतास, गणपतीत ढोल किती छान वाजवायचास, ते सगळं त्यांच्याकडून येईल. तुझा ढोल छान नव्हता, एवढं फक्त मी इथं नोंदवून ठेवतो. तू ढोल धरलास की येलवालच्या तळ्यावरचे बगळे उडून केरळात उतरायचे.

ज्यांना आपला धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. तू तोवर कानात बोटं घाल, कारण हे तुला चामुंडीच्या डोंगराच्या पायऱ्यांइतक्या वेळा सांगून झालंय, आणि प्रत्येक पायरीवर थांबून.

भातगिरणीत ओलं भात आलं की ते वाळवायला मोठा ड्रायर असतो. त्या ड्रायरला एक पेटी जोडलेली असते. भातात ओल किती राहिली ते ती बघते, आणि पुरेसं वाळलं की ड्रायर बंद करते. त्या पेटीचं डोकं, म्हणजे आतला प्रोग्राम, आम्ही लिहितो. लिहिणं रोज चालू असतं, रोज काहीतरी बदलतं. मग एक दिवस आम्ही म्हणतो, बास, हे आता गिरणीवाल्यांना द्यायच्या लायकीचं झालं. त्या जागी आम्ही एक खूण ठोकतो आणि तिला आकडा देतो. तोच टॅग. रस्त्याकडेचा मैलाचा दगड म्हणा. ५.२ इथं, ५.३ इथं. दगड कुणी रोवला आणि कधी, तेही त्यावर कोरलेलं असतं. ज्याला ५.३ पाहिजे त्याला त्या दगडापाशी जे होतं ते मिळतं, कमी नाही, जास्त नाही. आणि या धंद्याचा एकच धर्म आहे: दगड एकदा लोकांना दाखवला की हलवायचा नाही. चूक सापडली? पुढं जा, दुरुस्त कर, नवा दगड रोव, त्याला ५.४ म्हण. आकडे काही रेशनवर मिळत नाहीत.

एवढंच. पोराला पाढे पाठ होतात त्याहून सोपं. पण तुला ते कधी पटलं नाही, कारण मध्ये तुझी आयुधपूजा होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हे गाव सायकलच्या पंपालासुद्धा हळदकुंकू लावतं, त्याचं मला काही नाही. पण तू आपल्या ऑफिसातल्या कपाटाला, ज्यात बिचारा सर्व्हर आपला आपला घोंघावत असतो, त्याला दोन्ही बाजूंनी केळीचे खांब बांधायचास. झेंडूची माळ एवढी लांब, की आतला पंखा गुदमरून रडायचा. त्या वर्षाचा आकडा तू चंदनानं कपाटाच्या दारावर काढायचास आणि फाटकापाशी कुंकू भरलेला कोहळा असा आपटायचास, की मला दर वर्षी एक पँट टाकून द्यावी लागायची. तिकडं गिरण्यांमध्येही तेच. तू फोन करून सगळ्यांना आकडा कळवायचास आणि ते आपापल्या पेटीवर तो चंदनानं काढायचे. पूजा झालेला आकडा पुढच्या दसऱ्यापर्यंत बदलायचा नाही, हा तुझा कायदा. कुठल्या सरकारनं केला होता कोण जाणे.

"बार्शी," तू म्हणायचास. माझं नाव तुला कधी सापडलं नाही, गावावरच भागवलंस. "बार्शी, पूजा झाली की नाव बसलं. बसलेलं नाव काढतात काय रे?"

"नाव काढू नको. चूक निघाली तर पुढचा आकडा दे."

"पुढचा म्हणजे बिनपूजेचा, अल्वा, नाही का? बिनपूजेचं यंत्र गिरणीवाला चालू करील काय? चल, तूच सांग त्यांना."

"आकड्याची कसली पूजा, मानोजी?"

"तुमच्या बार्शीत भगवंताची करता की नाही?"

"देव आहे तो!"

"मत्ते? मग? हाही भात वाळवतो की."

यावर मी इतकं बोललो, की शेजारच्या कंपनीतले लोक डबे घेऊन आपल्या खिडकीशी बसायला लागले. जेवताना करमणूक.

तुझं-माझं पहिलंच बोलणं शिवीवरून झालं होतं, आठवतं? मी इथं नवा आलो होतो. कॉफीच्या यंत्रानं गरम पाणी माझ्या हातावर सोडलं आणि मी आमच्याकडची एक जुनी, भरदार शिवी त्याला दिली. मागून आवाज आला, "शिवी चांगली आहे. अर्थ सांग." मी वळून बघतो तर तू. मिशा अशा, की दारातून आधी मिशा आत यायच्या आणि मग तू. तुझे खापरपणजोबा इथल्या महाराजांच्या घोडदळात होते, हे तू मला हात धुवायच्या आत सांगितलंस. तुझ्या सांगण्यावरून त्या घोडदळात ते एकटेच होते, बाकी सगळे घोडे. आणि तुझी ती मराठी! "मी केलो," "मी सांगितलो," "सुम्ने बस की रे" (सुम्ने म्हणजे उगीच). पिढ्यान्‌पिढ्या कावेरीत भिजलेली आणि उन्हात वाळलेली. मी हसलो तर तू म्हणालास, "हस. तुझी मराठी तू विकत आणलास. आमची आम्ही लढून टिकवलो."

त्या संध्याकाळी तू मला स्कूटरवर घालून मंडी मोहल्ल्यातल्या तुझ्या घरी नेलंस. वहिनींनी जेवायला वाढलं. आठवडा संपायच्या आत तू मला भाड्याचं घर मिळवून दिलंस. घरमालक अनोळखी माणसाला घर द्यायला तयार नव्हता, तर तू छाती पुढं काढून ठोकून दिलंस, "हा माझा सख्खा मामेभाऊ." त्या एका थापेपायी तुमच्या घरच्या प्रत्येक लग्नात मला धोतर नेसून पंगतीत वाढायला उभं राहावं लागलं. तुझ्या आत्याबाई अजून मला विचारतात, वडील बरे आहेत का. माझे वडील बार्शीत टायर विकतात, मानोजी. त्यांनी तुझ्या आत्याबाईंचं तोंड कधी बघितलेलं नाही.

बरं. आता गुन्ह्याकडे वळतो.

यंदाचा ५.३ तू दसऱ्याच्या आधी रोवलास. पूजा झाली, कोहळा फुटला, माझी पँट गेली. त्यानंतर तुलाच त्यात चूक सापडली. वीज गेली आणि परत आली, की पेटी विसरून जायची कुठं थांबायचं ते. भात वाळून खडखडीत झालं तरी ड्रायर आपला चालूच. असं भात गिरणीत घातलं की तांदूळ अख्खा निघत नाही, नुसती कणी. वर्षभराची मेहनत आणि हातात खिरापत.

चूक कुणाचीही होते. चूक सापडली हे तर चांगलंच. तू ती दुरुस्तही केलीस, आणि सुबक केलीस, तेवढं मान्य. पण मग तू काय केलंस? ५.४ म्हणालास का? नाही. तू गपचूप ५.३ चा दगड उपटलास आणि पुढं नेऊन रोवलास. तोच आकडा, तेच नाव, वेगळं डोकं. मग पेनड्राइव्ह खिशात टाकून स्कूटरवरून गिरण्यांच्या फेऱ्या सुरू केल्यास. पेटीच्या पडद्यावर ५.३ च दिसायचं, चंदनाचा आकडा तसाच, पूजा तशीच, कुणाला काही कळायचं कारण नाही. काही गिरण्या झाल्या. काही राहिल्या. कुठल्या झाल्या आणि कुठल्या राहिल्या, ते फक्त तुझ्या डोक्यात.

आणि भर कापणीत, जेवून उठताना, तू गेलास. ते डोकं आम्ही अग्नीला दिलं.

मला हे कळलं ते एका फोनवरून. कृष्णराजनगरच्या पलीकडचा एक गिरणीवाला ओरडत होता, की यंत्र थांबलंच नाही, भाताचे खडे झाले. मी पद्माला हाक मारली. पद्मा आपल्याकडे प्रत्येक गोष्ट तपासून मगच बाहेर सोडते, हे वाचणाऱ्यांसाठी सांगतो. ती माझ्याशी कन्नडमधून बोलते, पण इथं मराठीत देतो, कारण माझं कन्नड छापण्यासारखं नाही.

"५.३ मध्ये ही चूक आहे," मी म्हणालो. "हे बघ."

"नाही, सर," ती म्हणाली. "५.३ मध्ये ती दुरुस्त आहे. तुम्ही हे बघा."

मी तिला खोटं पाडलं, तिनं मला. माझा आवाज वाढला, तिचा बारीक झाला. बारीक झाला की समजावं, ती बरोबर आहे. शेवटी दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. तेव्हा दिसलं, की माझ्या यंत्रावरचा ५.३ आणि तिच्या यंत्रावरचा ५.३ दोन वेगळ्या गावांना गेलेले. मी माझा दसऱ्याआधी उतरवून घेतला होता, तिनं नंतर, लॅपटॉप बदलला तेव्हा. ज्याच्याकडे ५.३ आधीच असतो तो पुन्हा मागत नाही, आहे तोच खरा मानून बसतो. मी तसाच बसलो होतो. तुझ्या शेजारच्या खुर्चीत, तुझ्याच जुन्या चुकीवर, कोंबडी अंड्यावर बसते तसा.

मग फोन. मानोजी, ते फोन तू ऐकायला हवे होतेस, तुझ्या मिशा आपोआप गळून पडल्या असत्या.

"अण्णा, तुमच्या पेटीवर काय आहे?"

"५.३."

"त्यात चूक आहे. वीज आली की थांबत नाही."

"मानोजीराव म्हणाले ५.३ चांगला आहे."

"चांगला ५.३ चांगला आहे, अण्णा. वाईट ५.३ वाईट आहे."

"आमचा कुठला?"

"ते येऊन बघावं लागेल."

"मग फोन कशाला केलात?"

बरोबर होतं त्याचं. पेटी आपला खरा बाप कोण ते पडद्यावर सांगत नाही, फक्त आकडा दाखवते. खरं बघायचं तर तिचं झाकण उघडून लॅपटॉप लावावा लागतो. ड्रायर हातानं चालवा म्हणावं, तर कापणीत माणूस मिळत नाही. भाताच्या गाड्या कावेरीच्या कालव्यापर्यंत उभ्या. आणि त्या गाड्यांत एकेका गावाचं भात.

म्हणून आम्ही दोघं निघालो. गाडी पद्मा चालवत होती, मी शिव्या चालवत होतो.

तू कुठल्या क्रमानं गेला असशील याचा विचार मी रस्ताभर केला. पिकाच्या हिशोबानं? अंतराच्या? पद्मा म्हणाली, "सर, तुम्ही मानोजी सरांना एवढी वर्षं ओळखता ना? जिथं जेवण चांगलं तिथं ते आधी गेले असणार." आणि खरंच की रे! जिथं नाटीकोंबडीचं, म्हणजे गावरान कोंबडीचं, सारू मिळतं तिथला ५.३ चांगला. जिथं नुसता चहा देतात तिथला वाईट. पद्मानं तर पेटी उघडायच्या आधीच स्वयंपाकघरातला वास घेऊन निकाल सांगायला सुरुवात केली. शास्त्र म्हणून हे कुठं शिकवत नाहीत, पण त्या दिवशी आमचं काम त्यावर चाललं.

म्हणून गौरम्मांच्या गिरणीकडे आम्ही निवांत निघालो. गौरम्मांच्या हाताची स्तुती तू इतकी केली होतीस, की ऐकूनच माझी साखर वाढली होती. म्हटलं, इथला ५.३ शंभर टक्के चांगला असणार. झाकण उघडलं. वाईट.

गौरम्मा दारातच उभ्या होत्या. डोळे सुजलेले, पदर कमरेला खोचलेला, केसांत भाताचा कोंडा. एवढी मोठी गिरणी एकटीच्या जिवावर चालवणारी बाई, पण त्या दिवशी भिंतीला टेकून उभी होती.

"बंद करू नका," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे ते."

"काय माहीत आहे, अक्का?"

"वीज आली की हे विसरतं. मानोजीराव सांगून गेलेत. वीज आली की आपण उठायचं आणि हातानं थांबवायचं."

ड्रायरच्या बाजूला एक चटई होती. तिथंच त्या झोपत होत्या. दिवसा, रात्री, दिवा लागला की उठून बघायच्या. त्यांच्या भाताचा एक दाणाही कडक झाला नव्हता.

"ते दुरुस्त करायला आले होते," गौरम्मा म्हणाल्या. "जेवले. मग म्हणाले, अक्का, पेटी उघडतो. मी म्हटलं, बेड, नको, पूजा झालीय, कापणी संपू दे. ते म्हणाले, मग तुम्हाला चूक सांगतो, पण कुणाला बोलू नका. ऑफिसात एक जण आहे, त्याला कळलं तर वर्षभर माझं जगणं मुश्किल करील."

पद्मा पेटीच्या तारांकडे बघू लागली. फार मन लावून.

तिला सांगितलंस, मानोजी. राइस मिलच्या दारात उभ्या असलेल्या बाईला तू सांगितलंस, ‘मी चुकलो’, आणि तुझ्या शेजारी बसणाऱ्याला नाही. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तू परवानगीशिवाय खायचास, वर म्हणायचास लसूण जास्त झालाय. आपलं शेवटचं बोलणं तेच. लसूण! त्याच दुपारी तुझ्या खिशात तो पेनड्राइव्ह होता. एक वाक्य बोलायचं होतं रे. "बार्शी, दगड हलवलो." तुझ्या त्या मोडक्या मराठीतसुद्धा मला कळलं असतं.

मी काय केलं असतं? हसलो असतो. गडगडाट केला असता. ऑफिसभर नाचलो असतो. पुढच्या आयुधपूजेला तुझ्या गळ्यात झेंडूची माळ घालून तुलाच सर्व्हरच्या शेजारी उभा केला असता. वर्षभर म्हणे जगणं मुश्किल करील! तू मला एवढंच ओळखलंस? मी तुला म्हातारपणापर्यंत सोडलं नसतं. तुझ्या नातवाच्या बारशाला येऊन सांगितलं असतं. आणि ते सगळं सांगून झाल्यावर, त्याच संध्याकाळी, लॅपटॉप काखेत मारून तुझ्या स्कूटरवर मागं बसलो असतो. दोघं मिळून सगळ्या गिरण्या उरकल्या असत्या. तुला दोन माणसांचं जेवण एकट्यानं जेवावं लागलं नसतं. कुणास ठाऊक, त्या जेवणांनीच तुला नेलं असेल.

गौरम्मांना मी एवढंच म्हणालो, "अक्का, आता बदलू या. नवा आकडा घालतो. ५.४. म्हणजे तुम्हाला झोपता येईल."

"नाही," त्या म्हणाल्या.

"अक्का, मानोजी गेला."

"गेले म्हणून तर. ते असते तर कापणीनंतर बदलू दिलं असतं. आता तो आकडा कुणाला विचारून काढू?"

मला एक सोपी वाट दिसत होती, आणि ती तूच दाखवून गेला होतास. दुरुस्त केलेलं डोकं आत घालायचं, पडद्यावर ५.३ ठेवायचं, नमस्कार करून निघायचं. बाई खूश, भात खूश. पद्मानंही माझ्याकडे तसंच बघितलं. पण मग पुढच्या कापणीत पुन्हा कुणीतरी दोन लॅपटॉप शेजारी ठेवून भांडत बसला असता. आणि खरं सांगू? तुझ्या वाटेनं जायचं आणि तुला ते वरून बघू द्यायचं, एवढा मी अजून खचलेलो नाही.

"अक्का," मी म्हणालो, "५.४ ची पूजा केली तर चालेल?"

"आता? दसरा नाही, काही नाही."

"मानोजीनं मला शिकवली आहे." साफ थाप. तू मला फक्त पँट धुवायला शिकवलंस.

गौरम्मांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "ऑफिसातला तो एक जण तुम्हीच, अल्वा?"

"मीच."

त्या हसल्या. किती दिवसांनी हसल्या असतील कोण जाणे. "कोहळा परसात आहे," म्हणाल्या, "आणा."

मानोजी, आजवर मी तुला जेवढं हसलो ते सगळं त्या दुपारी व्याजासकट फिटलं. कोहळा मी उलटा धरला. कुंकू भरायचं भोक वर ठेवायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं, ते निम्मं माझ्या बाहीत गेलं. पद्मानं चंदनानं आकडा काढला, तिच्या सुबक अक्षरात. मग तिथंच, भाताच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून, नवा टॅग लावला. गौरम्मा म्हणाल्या, आपटा. मी असा आपटला, की गिरणीतली सगळी कबुतरं उडाली, गाड्यांचे बैल उठून उभे राहिले आणि तिकडं धरणाचा एक दरवाजा आपोआप उघडला असं म्हणतात. पेटी बंद झाली, पुन्हा चालू झाली, पडद्यावर ५.४ उमटलं. आम्ही वीज मुद्दाम घालवली आणि परत आणली. ड्रायर जिथं थांबायचा तिथं थांबला. गौरम्मांनी पेटीला हात जोडले, चटई गुंडाळली आणि आम्हाला जेवायला बसवलं. तिथंच बसवलं, जिथं तुला बसवायच्या. जेवण खरंच तसं होतं. त्याबाबतीत तू थाप मारली नव्हतीस.

बाकीच्या गिरण्याही झाल्या. गौरम्मांनी फोन करून सगळ्यांना सांगितलं, की पूजा झालेला ५.४ आलाय. मग कुणी नाही म्हणालं नाही. माझ्या धर्माला तुझ्या धर्माची चिठ्ठी लागली, हे मी लिहून देतो, पण फक्त इथं. ऑफिसात कुणी विचारलं तर नाकबूल करीन.

काल पद्मा माझ्या टेबलाशी आली. तुझ्या खुर्चीत बसली नाही, उभीच राहिली.

"सर, मानोजी सरांचा ५.३ काढून टाकू? कुणी चुकून उचलला तर?"

"राहू दे."

"पण त्या आकड्याचा आता भरवसा नाही."

"बाहेर गेलेल्या टॅगला हात लावायचा नाही."

"तो तर आधीच हलवलेला आहे, सर."

"त्यानं हलवला. आपण हलवायचा नाही. शेजारी लिही, ५.३ वापरू नये, ५.४ घ्यावा."

ती गेली. मी यादी उघडून बघत बसलो. ५.२, मग ५.३, त्यापुढं तुझं नाव आणि तारीख. पूजेनंतरची तारीख, बदमाशा, धडधडीत. ही यादी तुझ्या-माझ्यानंतरही राहील. माझ्याच नियमानं तू तिथं कायमचा बसलास, तुझ्या चुकीवर, पाय पसरून. आणि मला तुला उठवता येत नाही.

नवं माणूस आलं की विचारणारच, हा ५.३ काय प्रकार आहे, हे मानोजीराव कोण? परवा एकीनं विचारलंही. मी खुर्ची ओढली, कॉफी मागवली आणि सुरुवात केली. सांगितलं, की या माणसानं एका आकड्याची दोन डोकी केली आणि अख्खा तालुका वाळवून काढला. कालव्यातलं पाणी आटलं, बेडूक खरपूस झाले, शेवटी वीज मंडळानं हात जोडून विनंती केली. तिचे डोळे मोठे व्हायला लागले. एका जागी मी सवयीनं थांबलो, कारण त्या जागी तू ओरडतोस, "सुम्ने थापा मारू नको, बार्शी!"

कुणी ओरडलं नाही. ती वाट बघत होती. मग मला पुढं सांगत राहावं लागलं.